रौझा उर्फ खुलदाबाद : दफनभूमि आणि दफ्तर

मराठवाड्यांतील खुलदाबाद हें गांव आकारानें लहान आहे. परंतु दक्षिणेच्या साडेचारशें वर्षांच्या इतिहासांतील जितके परस्परविरोधी पक्ष ह्या एका गांवच्या मातींत शेजारीं शेजारीं निजले आहेत, तितके दुसऱ्या लहान गांवांत क्वचितच सांपडतील. निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर, ती निजामशाही बुडविणाऱ्या मोगल घराण्यांतील बादशहा औरंगजेब, त्यानें पदच्युत केलेला गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशहा, आणि मोगल सत्ता ढांसळत असतां दक्षिणेंत आपलें राज्य उभारणारा निजामुल्मुल्क आसफजाह, ह्या सर्वांचीं थडगीं एका दिवसाच्या फेरींत पाहून होतात. मग हीं माणसें येथें कां आलीं, आणि कोणतें थडगें कोणाचें हें आपणांस कशावरून कळतें, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. दुसरा प्रश्न हस्तलिखितें व जुने कागद जमविणाऱ्या वाचकांच्या विशेष उपयोगाचा आहे. कारण येथील दगड आणि कागद एकमेकांवांचून मुके आहेत, असें आमचें मत आहे.

प्रथम स्थळ व नांव ह्यांविषयीं. इ. स. २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर असें नामांतर झालेल्या औरंगाबाद शहराच्या वायव्येस सुमारें १५ मैलांवर, वेरूळच्या लेण्यांजवळील डोंगरमाथ्यावर हें गांव वसलें आहे. शहराकडून जातांना देवगिरी उर्फ दौलताबादचा किल्ला वाटेंतच लागतो. गांवाचें जुनें नांव 'रौझा'. ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बाग असा असून पुढें तो सत्पुरुषाच्या अथवा राजाच्या थडग्यास लावूं लागले. आपल्याकडे 'वृंदावन' शब्दाचा प्रवास असाच झाला आहे. तुळशीच्या वनापासून तो शब्द समाधीवरील बांधकामापर्यंत आला. 'खुलदाबाद' हें नांव त्या मानानें अर्वाचीन. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्यास 'खुल्दमकान', म्हणजे शाश्वत स्वर्गांत ज्याचें स्थान आहे तो, अशी पदवी मिळाली व तीवरून गांवास हें नांव पडलें, अशी मान्य उपपत्ति आहे. मराठी बोलण्यांत त्याचें 'खुलताबाद' झालें. हा नांवाचा फरक केवळ कुतूहलाचा नाहीं. कागदांचा काळ ठरविण्यास त्याचा उपयोग कसा होतो तें पुढें सांगूं.

राजेलोक येथें आले ते साधूंच्या मागोमाग आले. मुहंमद तुघलखानें इ. स. १३२७ च्या सुमारास देवगिरीस दौलताबाद नांव देऊन तेथें राजधानीचें ठाणें आणिलें आणि दिल्लीचे अनेक विद्वान, उमराव व फकीर दक्षिणेंत आले. त्यांत दिल्लीचे प्रसिद्ध चिश्ती साधु निजामुद्दीन अवलिया (मृत्यु इ. स. १३२५) ह्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे प्रमुख होत. ते हिजरी ७३८ म्हणजे इ. स. १३३७ मध्यें वारले व किल्ल्यापासून थोडक्या अंतरावरील ह्या माथ्यावर त्यांस पुरण्यांत आलें. त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी हिजरी ७७१ म्हणजे इ. स. १३६९ मध्यें वारले. ह्या गुरुशिष्यांचे दोन दर्गे गांवाच्या मध्यभागीं समोरासमोर आहेत, आणि गांवाची सर्व रचना त्यांच्याच भोंवतीं झालेली आहे. ह्यांच्याहि पूर्वींचे मुंतजबुद्दीन उर्फ झर झरी झर बख्श ह्यांचा मृत्यु हिजरी ७०९ म्हणजे इ. स. १३०९ मध्यें झाल्याचें मानितात. त्यांचा उरूस हा आजहि गांवांतील सर्वांत मोठा उत्सव होय. गुलबर्ग्याचे विख्यात साधु गेसूदराझ ह्यांचे वडील सय्यद राजू कत्ताल ह्यांचेंहि थडगें येथेंच आहे.

ह्या पहिल्या पिढीविषयीं आपणांस जी माहिती मिळते तिचें मूळ थडग्यांत नसून ग्रंथांत आहे. चिश्ती संप्रदायांत गुरूचें बोलणें शिष्यानें दिवसवार टिपून ठेवावें अशी चाल होती. अशा ग्रंथास 'मल्फूझात' म्हणतात. महानुभावांच्या वाङ्मयांत गुरूचीं वचनें व लीळा जपून ठेविण्याची जी वृत्ति दिसते, तिचीच ही दुसऱ्या भाषेंतील बहीण म्हणतां येईल. निजामुद्दीन अवलिया ह्यांचें बोलणें 'फवाइद उल्-फुवाद' ह्या ग्रंथांत टिपणारा कवि अमीर हसन सिझ्झी हा दिल्लीहून दक्षिणेंत आला, येथेंच वारला व खुलदाबादेसच पुरला गेला. बुऱ्हाणुद्दीन गरीब ह्यांच्याभोंवतीं काशानी घराण्यांतील बंधु होते. त्यांतील रुक्नुद्दीनानें 'नफाइस उल्-अन्फास' व 'शमाइल उल्-अत्किया', हम्मादुद्दीनानें 'अहसन उल्-अक्वाल', आणि मज्दुद्दीनानें 'गराइब उल्-करामात' हे ग्रंथ रचिले. झैनुद्दीनांचीं वचनें मीर हसन नांवाच्या शिष्यानें 'हिदायत उल्-कुलूब' ह्या ग्रंथांत संगृहीत केलीं. ह्यांपैकीं 'शमाइल'चें पुढें सतराव्या शतकांत मीरां याकूब ह्यानें दखनी गद्यांत भाषांतर केलें. दक्षिणेंतील देशी गद्याच्या अभ्यासकांस तें महत्त्वाचें आहे.

ह्या समकालीन ग्रंथांशीं मागाहून वाढलेल्या दंतकथा ताडून पाहिल्या म्हणजे मोठा फरक नजरेस येतो. दंतकथा सांगते कीं चौदाशें अवलिया पालख्यांत बसून फौजेसारखे दक्षिणेंत आले. कोठें ते लढले, कोठें त्यांनीं चमत्कारांनीं राजांस नमविलें. मल्फूझातांत मात्र उपास, भजन, शिष्याचें वर्तन, पाहुण्यास काय वाढावें, मनांतील अहंता कशी घालवावी, ह्याच गोष्टींस प्राधान्य आहे. बुऱ्हाणुद्दीन हे संगीतश्रवणाचे, म्हणजे 'समा'चे, मोठे भोक्ते होते व त्यांच्या मंडळींची डोलण्याची तऱ्हा 'बुऱ्हाणी' म्हणून ओळखली जाई, अशी माहिती ह्या परंपरेच्या जुन्या ग्रंथांत आढळते. कार्ल अर्न्स्ट ह्या अमेरिकन अभ्यासकानें इ. स. १९९२ मध्यें खुलदाबादेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ह्या हस्तलिखितांचा बारकाईनें उपयोग करून समकालीन लेखन व मागील भर ह्यांतील भेद दाखविला आहे. आमच्या वाचकांस ही रीति नवी नाहीं. समकालीन पत्र आणि शंभर वर्षांनंतरची बखर ह्यांना आपण एकाच तराजूंत घालीत नाहीं. तोच न्याय येथेंहि लावावा.

साधूची कबर राजाला कां हवी, ह्याचें उत्तर फिरिश्त्यानें दिलेल्या एका कथेंत सांपडतें. बहामनी सुलतान पहिला मुहंमदशहा ह्याच्याविरुद्ध दौलताबादेस इ. स. १३६६ च्या सुमारास बहरामखान माझंदरानी ह्यानें बंड केलें. तें मोडल्यावर बंडखोर झैनुद्दीनांच्या सल्ल्यानें गुजराथेकडे निसटले. सुलतान रागावला व त्यानें झैनुद्दीनांस देश सोडून जाण्यास फर्माविलें. तेव्हां झैनुद्दीन आपली काठी व चटई घेऊन बुऱ्हाणुद्दीनांच्या कबरीपाशीं जाऊन बसले आणि आतां मला येथून कोण उठवितो तें पाहूं, असें म्हणाले. सुलतानानें माघार घेतली. फिरिश्ता हा ह्या गोष्टीनंतर दोनशेंहून अधिक वर्षांनीं विजापुरास लिहीत होता, हें लक्षांत ठेवूनहि एवढें निश्चित म्हणतां येईल कीं, ही कबर राजाज्ञेहून श्रेष्ठ असें आश्रयस्थान आहे, अशी भावना त्याच्या काळीं लोकांत दृढ झालेली होती. खानदेशच्या फारूकी घराण्याची निष्ठा ह्याहून स्पष्ट आहे. त्या घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा हा झैनुद्दीनांचा अनुयायी समजला जाई. आणि त्याचा मुलगा नासिरखान ह्यानें तापीच्या दोन तीरांवर बुऱ्हाणपूर व झैनाबाद अशीं दोन गांवें वसवून तीं ह्याच गुरुशिष्यांच्या नांवें केलीं. म्हणजे रौझ्यांतील दोन थडग्यांनीं तापीकांठच्या दोन गांवांस नांवें दिलीं.

दक्षिणेंतील राजघराण्यांच्या स्वतःच्या दफनभूमि होत्या. कुत्बशाही सुलतानांचे घुमट गोवळकोंड्याच्या पायथ्याशीं आहेत. अहमद निजामशहाचें थडगें अहमदनगरास (सांप्रतचें अहिल्यानगर) बागरौझा येथें आहे. विजापुरास गोलघुमट प्रसिद्धच आहे. खुलदाबादेचें वैशिष्ट्य असें कीं, ती कोणत्याहि एका घराण्याची दफनभूमि नव्हे. ज्यास घराणें नव्हतें, ज्याचें राज्य गेलें, ज्यास वैभव नको होतें, किंवा ज्यास नव्या राज्यासाठीं जुनें पावित्र्य हवें होतें, असे चार प्रकारचे सत्ताधीश येथें आले. त्यांचा क्रम पाहूं.

पहिला मलिक अंबर. हबसाणांत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला व इ. स. १६१० मध्यें त्यानें खडकी हें शहर वसविलें, तेंच पुढें औरंगाबाद झालें. तो हिजरी १०३५ म्हणजे इ. स. १६२६ मध्यें वारला. त्याचा भव्य घुमट गांवकुसाबाहेर आहे व त्याची बायको बीबी करीमा हिचा लहान घुमट त्याच्या जवळच आहे. ज्यास पूर्वजांची दफनभूमि नाहीं, त्यानें साधूंच्या सान्निध्यांत आपली जागा करावी हें स्वाभाविकच होय.

दुसरा अबुल हसन तानाशहा. इ. स. १६८७ मध्यें गोवळकोंडें पडल्यावर त्यास दौलताबादेच्या किल्ल्यांत कैदेंत ठेविलें. सुमारें बारा वर्षें कैद भोगून तो इ. स. १६९९ च्या सुमारास वारला व राजू कत्ताल ह्यांच्या दर्ग्याच्या आवारांत पुरला गेला. त्याच्या पूर्वजांचे घुमट गोवळकोंड्यास उभे आहेत. त्याच्या वांट्यास मात्र घुमट आला नाहीं.

तिसरा औरंगजेब. तो हिजरी १११८ च्या जिल्काद महिन्याच्या २८ व्या तारखेस, शुक्रवारीं, अहमदनगरानजीक भिंगारजवळच्या छावणींत वारला. ह्या दिवसाची इंग्रजी तारीख आपल्याकडील ग्रंथांत कोठें २० फेब्रुवारी १७०७, तर कोठें ३ मार्च १७०७ अशी आढळते. ह्यांत विरोध नाहीं. पहिली तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची, दुसरी नव्या ग्रेगोरियन पद्धतीची. ह्या काळीं दोहोंत अकरा दिवसांचें अंतर होतें, आणि इंग्रजांनीं नवी पद्धति इ. स. १७५२ मध्यें स्वीकारली. तत्पूर्वींच्या कोणत्याहि मराठी कागदाची इंग्रजी तारीख देतांना ती कोणत्या पद्धतीची हें सांगणें अवश्य आहे. नाहीं तर एकाच दिवसाच्या दोन घटना होतात.

बादशहाचें प्रेत खुलदाबादेस आणून झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारांत पुरण्यांत आलें. कबर मातीची व वरून उघडी आहे. मातींत सब्जाचें रोप लाविलेलें असतें. ज्याच्या बेगमेसाठीं औरंगाबादेस मुलानें 'बीबीका मकबरा' उभारिला, त्या बादशहाची स्वतःची कबर इतकी साधी असावी, हें पाहणारास प्रथम खरें वाटत नाहीं. भोंवतालची संगमरवरी जाळी मूळची नव्हे. ती विसाव्या शतकाच्या आरंभीं, लॉर्ड कर्झन ह्याच्या सूचनेनंतर निजाम सरकारनें बसविली. म्हणून आज जें दिसतें त्यावरून इ. स. १७०७ मध्यें काय होतें याचें अनुमान करूं नये. ह्या कबरीविषयीं एक रकमेची गोष्ट सर्वत्र सांगतात. बादशहानें स्वहस्तें टोप्या शिवून मिळविलेल्या १४ रुपये १२ आण्यांत ही कबर झाली, असें तेथील वाटाडे सांगतात. परंतु हमीदुद्दीनखान ह्याच्याकडे ज्याचें कर्तृत्व देतात व ज्याचें भाषांतर यदुनाथ सरकार ह्यांनीं केलें आहे, त्या 'अहकाम-इ-आलमगिरी' ग्रंथांतील मृत्युपत्रांत आंकडे निराळे आहेत. टोप्यांच्या विक्रीचे ४ रुपये २ आणे कफनासाठीं खर्चावे आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये मृत्यूच्या दिवशीं फकिरांस वांटावे, असें तेथें म्हटलें आहे. लेखी रक्कम कफनाची आहे, कबरीची नव्हे. तोंडी परंपरेनें आंकडाहि बदलला आणि कफनाची कबर केली. मृत्युपत्राची ती प्रत देखील मागाहूनची नक्कल आहे, हें खरें. तथापि दोहोंत लेखी पुराव्याचेंच वजन अधिक.

चौथा निजामुल्मुल्क आसफजाह. तो हिजरी ११६१ म्हणजे इ. स. १७४८ मध्यें बुऱ्हाणपुरास वारला व त्यास बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यांत पुरण्यांत आलें. साधूच्या नांवाच्या शहरीं मृत्यु, आणि त्याच साधूच्या पायांशीं विसांवा, असा हा योग जुळून आला. त्याचा मुलगा नासिरजंग इ. स. १७५० च्या डिसेंबरांत कर्नाटकांत जिंजीजवळ मारला गेला. इतक्या दुरून त्याचेंहि प्रेत येथेंच आणिलें. नव्या राज्याच्या मालकांस ह्या जागेचें महत्त्व किती वाटत होतें, हें ह्यावरून दिसतें.

ह्या राजांखेरीज एका पंडिताचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. गुलाम अली आझाद बिलग्रामी (इ. स. १७०४ ते १७८६) हा नासिरजंगाच्या दरबारांत वावरलेला कवि व ग्रंथकार अमीर हसनच्या सान्निध्यांत पुरलेला आहे. खुलदाबादेच्या साधूंचीं चरित्रें त्यानें 'रौझत उल्-अवलिया' ह्या फारसी ग्रंथांत लिहिलीं. आम्हां संस्कृताच्या अभ्यासकांस त्याचें महत्त्व निराळें आहे. 'सुभत उल्-मर्जान' ह्या आपल्या अरबी ग्रंथांत त्यानें भारतीय अलंकारशास्त्र व नायिकाभेद ह्यांचें निरूपण करून अरबी वाचकांस त्यांचा परिचय करून दिला. मम्मट-विश्वनाथांच्या शास्त्रावर अरबींत लिहिणारा ग्रंथकार वेरूळच्या माथ्यावर निजला आहे, ही गोष्ट आमच्या पाठशाळांतून फारशी ऐकूं येत नाहीं.

मराठ्यांचा ह्या परिसराशीं संबंध जवळचा आहे. माथ्याखालीं वेरूळ हें भोसल्यांच्या पाटीलकीचें गांव. मालोजीराजांची समाधि तेथेंच आहे व तिची घडण दखनी घुमटाच्या वळणाची आहे. मालोजींचे पुत्र शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूनें इ. स. १६२४ मध्यें भातवडीस लढले. पुढें इ. स. १७०७ मध्यें मोगलांच्या कैदेंतून सुटल्यावर शाहूछत्रपतींनीं खुलदाबादेस बादशहाच्या कबरीचें दर्शन घेतलें, असें मराठी इतिहासकारांनीं लिहिलें आहे. ज्या बादशहानें संभाजीमहाराजांस इ. स. १६८९ मध्यें क्रूरपणें ठार मारविलें, त्याच्या कबरीविषयीं महाराष्ट्राच्या मनांत कटुता असावी ह्यांत नवल नाहीं, इ. स. २०२५ मध्यें ह्या कबरीवरून मोठा वाद पेटला तो सर्वांस विदित आहेच. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र एवढें ध्यानांत घ्यावें कीं, इ. स. १६८१ मध्यें मराठ्यांचें राज्य बुडविण्यास दक्षिणेंत उतरलेला बादशहा पुन्हां उत्तरेस गेला नाहीं, ह्या गोष्टीचा सर्वांत ठळक पुरावा हीच मातीची कबर आहे. आवडता पुरावा ठेवावा व नावडता टाकावा, ही रीति संशोधनाची नव्हे.

आतां कागद जमविणारांच्या उपयोगाच्या कांहीं सूचना देतों.

(१) पदव्यांवरून काळ ठरवावा. मोगल बादशहांस मृत्यूनंतर निराळी पदवी मिळे : अकबर 'अर्श आशियानी', जहांगीर 'जन्नत मकानी', शहाजहान 'फिर्दौस आशियानी', औरंगजेब 'खुल्दमकान'. ज्या फारसी कागदांत औरंगजेबास 'खुल्दमकान' म्हटलें आहे, तो इ. स. १७०७ नंतरचा. त्यावर त्यापूर्वींची तारीख असेल, तर तो मागाहूनची नक्कल किंवा बनावट समजावा. नक्कल म्हणजे बनावट नव्हे. नकलनविसानें आदरानें पदवी बदललेली असणें शक्य आहे.

(२) सारख्या शब्दांनीं फसूं नये. 'खुल्दमंझिल' म्हणजे औरंगजेब नव्हे, त्याचा मुलगा पहिला बहादूरशहा. त्याची कबर दिल्लीजवळ मेहरौलीस आहे. तसेंच 'खल्लदल्लाहु मुल्कहू', म्हणजे ईश्वर ह्याचें राज्य चिरकाल राखो, हा आशीर्वाद त्याच धातूपासून निघालेला असला तरी तो जिवंत राजास देतात. एकाच धातूपासून एक शब्द मृताचा व एक जिवंताचा झाला आहे; घाईनें वाचणारा येथें नेमका चुकतो. आसफजाहास मृत्यूनंतर 'मग्फिरतमआब' म्हणत, हेंहि लक्षांत असावें.

(३) गांवाच्या नांवाचा पुरावा एकाच बाजूनें चालतो. कागदांत 'खुलदाबाद' असेल तर तो औरंगजेबाच्या मृत्यूनंतरचा मानण्यास आधार मिळतो; परंतु 'रौझा' असेल तर तो जुनाच असें म्हणतां येत नाहीं, कारण लोकांच्या तोंडीं तें नांव पुढेंहि दीर्घकाळ राहिलें.

(४) नुसतें थडगें पाहूनहि थोडें कळतें. हिंदुस्थानांतील मुसलमानी थडगें दक्षिणोत्तर असतें व मृताचें मुख पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेस, केलेलें असतें. मोगलकालीन थडग्यांवर पुरुषासाठीं कलमदानासारखा लांबट उंचवटा व स्त्रीसाठीं पाटीसारखा सपाट भाग करीत. शिलालेख नसलेल्या थडग्याविषयीं परंपरा जें नांव सांगते, तें निदान ह्या खुणेशीं जुळतें कीं नाहीं, एवढें तपासतां येतें.

(५) सनदेची पाठ अवश्य उतरून घ्यावी. दर्ग्यांच्या इनामासंबंधीं सनदा व फर्मानें ह्यांच्या पाठीवर निरनिराळ्या कचेऱ्यांचे शेरे, तारखा व शिक्के असतात. दर्शनी मजकूर सुंदर म्हणून तेवढाच उतरून घेण्याची जी खोड आहे, तिच्यामुळें कागदाचा अर्धा इतिहास हरवतो.

ह्या सर्व विवेचनाचें तात्पर्य एकच. खुलदाबादेंत नामांकित थडगीं थोडीं व अनामिक थडगीं असंख्य आहेत. बादशहाची कबर राष्ट्रीय महत्त्वाचें स्मारक म्हणून पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे. तिची ओळख बुजण्याचें भय नाहीं. भय आहे तें उघड्या माळावरच्या, नांव नसलेल्या चबुतऱ्यांविषयीं, आणि त्यांहूनहि अधिक त्यांच्याशीं निगडित अशा, घरोघरच्या पेट्यांत कसर लागत पडलेल्या कागदांविषयीं. दगड पडला तर त्याची जागा तरी उरते. कागद गेला म्हणजे दगडहि अनोळखी होतो. ज्या घराण्यांत रौझ्याच्या इनामाचे, मुजावरीचे वा उरुसाच्या खर्चाचे कागद असतील, त्यांच्याकडून ते विकत अथवा बळेंच घेण्याचा आग्रह धरूं नये. मालकाच्या देखत त्यांची छायाचित्रें घ्यावीं, दोन्ही बाजू उतरून घ्याव्या, आणि मूळ कागद त्याच्याच पेटींत परत ठेवावा. फारसी वाचणारे आपल्यांत थोडे उरले आहेत. मोडी वाचणारांचीहि संख्या मोठी नाहीं. दोघांनीं जोडीनें बसून हें काम केलें, तर साडेचारशें वर्षांच्या ह्या दफनभूमींतील आणखी कित्येक थडग्यांस त्यांचीं नांवें परत मिळतील, असा आम्हांस भरंवसा आहे.